विसण

रविवारी सकाळी सातला अण्णांचा फोन आला की समजायचं, काहीतरी बिघडलंय. एरवी "पोरगं आता उठलं असेल" असा हिशेब करून ते दहानंतर फोन करतात. गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी असाच सातला वाजला.

"सोलरचं पाणी तापंना झालंय बघ."

मी पुण्यात, पांघरुणात. घर भोकरला, नांदेड जिल्ह्यात. सॉफ्टवेअरवाल्याच्या तोंडून सवयीनं जे निघायचं तेच निघालं. "कधीपासून? त्याच्याआधी काय बदललं होतं?"

"काहीच बदललं नाही." (हे उत्तर मी ऑफिसात आठवड्यातून तीनदा ऐकतो. ते खरं निघाल्याचं आठवत नाही. :) )

पुढची हकीकत अशी. ज्याच्याकडून २०१६ साली सोलर घेतलं होतं तिथला माणूस येऊन गेला होता. त्यानं पाच मिनिटं वर बघितलं आणि निकाल दिला, नळ्या गेल्या, वीसच्या वीस बदला, नाहीतर सगळं नवीनच घ्या. आकडा ऐकून अण्णा गप्प बसले. मग शेजारच्या काकांनी सुचवलं, कशाला त्या सोलरच्या नादी लागता गुरुजी, गॅसचा गीझर बसवा, दोन मिनिटांत कढत पाणी. अण्णांनी दुकानात दोन हजार इसार देऊनही टाकला. तोवर आई बादलीत रॉड टाकून पाणी तापवत होती. आणि पाणी तापलं का ते बोट घालून बघत होती. रॉड चालू असताना.

या शेवटच्या वाक्याला मी उठून बसलो.

आमची न्हाणी पाच बाय चारची. जुनं माळवद पाडून स्लॅब टाकला तेव्हा कोपऱ्यात उरली तेवढ्या जागेत बांधलेली. वर एक जाळी आहे, ती थंडीत आई जुन्या लुगड्याचा बोळा लावून बंद करते. अशा खोलीत गॅस जळायला लागला की आधी तिथला ऑक्सिजन कमी होतो, मग गॅस नीट न जळता कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त जोरानं त्याला धरून ठेवतं. आत आंघोळ करणाऱ्याला नुसती गरगर वाटते आणि कडी काढायची ताकद राहत नाही. सत्तरीचे अण्णा आतून कडी लावून आंघोळ करतात. गॅस गीझर वाईट असतो असं नाही. तो बाहेर, उघड्यावर लावायचा आणि फक्त पाइप आत न्यायचा असतो. पण आमच्या घरी तो कुठे लागणार होता ते मला पुण्यात बसून दिसत होतं.

"मी येतोय. तोवर गीझर आणू नका, आणि आईला म्हणावं पाणी चुलीवर तापव."

म्हणजे गोष्ट पाणी कोमट येण्याची होती, पण त्या कोमट पाण्यानं घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना दोन धोक्यांच्या दारात नेऊन उभं केलं होतं. आणि कारण काय, तर एक माणूस वर बघून "नळ्या गेल्या" म्हणाला. त्यानं थर्मामीटर काढला नव्हता. एकही तोटी सोडून बघितली नव्हती. माझी चिडचिड झाली ती याची, आणि हा लेखही त्याच्याबद्दलच आहे. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे पार्ट बदलणं असं समीकरण झालंय. मोजणं हा प्रकार मध्येच कुठेतरी गळून पडला. (आम्ही ऑफिसात सर्व्हर रीस्टार्ट करतो ते याच जातीतलं, हे कबूल.)

शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं नांदेड, तिथून एसटीनं भोकर. चहा झाला आणि मी थेट स्लॅबवर.

ज्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे पण ज्यांनी तिथे कधी पाऊल ठेवलेलं नाही (म्हणजे तुम्ही बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काचेच्या दुहेरी नळ्या असतात, थर्मासच्या बाटलीसारख्या, मधली हवा काढून टाकलेली. आतल्या काळ्या थरावर ऊन पडतं, नळीतलं पाणी तापतं, हलकं होऊन वर टाकीत चढतं, आणि टाकीतलं गार पाणी खाली उतरून त्याची जागा घेतं. पंप नाही, वीज नाही. टाकीला बाहेरून जाड गादी असते, त्यामुळे दिवसा तापलेलं सकाळपर्यंत टिकतं. ही अक्कल यायला जगालाही वेळ लागला. अमेरिकेत १८९१ साली क्लॅरेन्स केंप यानं 'क्लायमॅक्स' नावाचा सोलर बंब पेटंट केला. त्यात तापायची आणि साठवायची टाकी एकच, त्यामुळे रात्रीत सगळं गार. १९०९ मध्ये विल्यम बेली यानं कॅलिफोर्नियात साठवणीची टाकी वेगळी काढली, तापणाऱ्या भागाच्या वर ठेवली, तिला गादी घातली आणि नाव दिलं 'डे अँड नाइट'. भोकरच्या आमच्या स्लॅबवर जे उभं आहे ते तत्त्वानं तेच.

तर पहिला संशयित ऊन. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी मजला चढवलाय, त्याची सावली पडत असेल असं मला वाटत होतं. अण्णा निवृत्त विज्ञान शिक्षक, त्यांनी मला काठी आणायला लावली. भोकर साधारण १९ अंश अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांच्या आसपास वर असतो, म्हणजे सावली वस्तूच्या उंचीपेक्षा थोडी कमीच. शेजाऱ्यांची भिंत आमच्या स्लॅबच्या वर दहा फूट, सोलर तिच्यापासून पंधरा फुटांवर. सुटला. मी मोबाइलवर अॅप शोधेपर्यंत काठीचं काम संपलं होतं.

दुसरा संशयित नळ्या. चांगल्या नळीच्या बंद टोकाशी आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा थर. आत हवा शिरली की तो पांढराफटक पडतो. नळीच्या बुडाची प्लॅस्टिकची टोपी सरकवली की दिसतं. दुसरी खूण म्हणजे हात. चांगली नळी भर उन्हातही बाहेरून गार लागते, गेलेली गरम लागते, कारण तिची उष्णता बाहेर पळत असते. वीस नळ्या तपासायला अर्धा तास लागला. दोन पांढऱ्या, अठरा चंदेरी. दोन नळ्यांनी पाणी थोडं कमी तापेल, कोमट कसं होईल? आणि वीसच्या वीस बदला म्हणणाऱ्या माणसाला ही टोपी सरकवायला काय झालं होतं?

मग खरी मोजणी. अण्णांच्या ट्रंकेतून शाळेचा थर्मामीटर निघाला, ११० अंशांपर्यंतचा, कापसात गुंडाळून ठेवलेला. संध्याकाळी पाचला आम्ही टाकीजवळचं गरम पाण्याचं कनेक्शन सैल करून मग भरला. ५७ अंश. खाली न्हाणीत तोटी सोडली, पाच लिटर वाहू दिलं, मग मोजलं. ३६.

अण्णा माझ्याकडे, मी अण्णांकडे.

सोलर अगदी ठणठणीत होतं! दोनशे लिटर पाणी २२ अंशांवरून ५७ वर न्यायला साधारण आठ युनिट वीज लागते. तेवढी उष्णता ते बिचारं डिसेंबरच्या उन्हातून रोज गोळा करत होतं आणि टाकीपासून न्हाणीपर्यंतच्या बारा मीटरमध्ये ती कुठेतरी गडप होत होती. पाइपात थंड होत असेल? अर्ध्या इंची पाइपात मीटरला पावशेरही पाणी मावत नाही, बारा मीटरचं मिळून दोन-सव्वादोन लिटर. पहिला तांब्या-दोन तांबे गार येतील, बादलीभर नाही. म्हणजे एकच शक्यता उरली, वाटेत कुणीतरी गार पाणी मिसळत होतं. गार पाणी २० अंशांचं धरलं तर न्हाणीत येणाऱ्यापैकी अर्ध्याहून जास्त गार होतं.

याची एक सोपी परीक्षा आहे, ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांनी ती आजच करून बघा. सोलरच्या टाकीत गार पाणी जातं त्या पाइपावरचा कॉक बंद करायचा आणि खाली गरम पाण्याची तोटी सोडायची. साध्या सोलरमध्ये गरम पाणी टाकीच्या वरच्या बाजूनं निघतं, त्यामुळे थोडंसं वाहून ते थांबायलाच हवं. आमचं थांबलं नाही. दहा मिनिटं झाली तरी चालूच, आणि आता तर चक्क गार.

आता गार पाण्याची लाइन गरम लाइनला घरात कुठे भेटते ते शोधायचं. न्हाणीत दोन तोट्या वेगळ्या. स्वयंपाकघरात गरम लाइनच नाही. राहिलं मागच्या खोलीतलं नवीन बाथरूम. तिथे भिंतीवर मिक्सर आहे, त्याला लांब नळीचा हातात धरायचा शॉवर, शॉवरच्या मुठीला बटण. मी बघितलं तर मिक्सरच्या दोन्ही चाव्या पूर्ण उघड्या, शॉवरचं बटण बंद. बाहेर पाण्याचा थेंब नाही, पण आत गरम आणि गार लाइन गळ्यात गळे घालून बसलेल्या. न्हाणीत कुणी गरम तोटी सोडली की टाकीच्या लांबच्या वाटेनं गरम येण्याआधी या जवळच्या वाटेनं गार घुसणार. पाणी सोपी वाट धरतं, आपल्यासारखंच.

आणि मंडळी, हा मिक्सर कुणी बसवला होता? अस्मादिकांनी. आदल्या दिवाळीत. आईचे गुडघे दुखतात, बादलीवर वाकायला नको, म्हणून मी पुण्याहून खास घेऊन आलो होतो. "काहीच बदललं नाही" म्हणणाऱ्या अण्णांना मी मनात हसलो होतो. पण तो बदल माझाच निघाला, आणि तो करताना मी ना आईला काही विचारलं होतं ना प्लंबरला.

आईला विचारलं, चाव्या उघड्या का ठेवतेस? ती म्हणाली, "अरे, त्या चाव्या लई घट्ट. बोटं दुखतात. बटण दाबलं की बंद होतं ना पाणी? मग?"

मग काय. तिचं शंभर टक्के बरोबर होतं. गुडघ्यांसाठी आणलेली वस्तू तिच्या बोटांना जमत नव्हती. बटण दाबल्यावर पाणी बंद झालं तर माणूस ते बंदच समजणार. त्या मिक्सरच्या खोक्यावर किंवा सोलरच्या माहितीपत्रकात, मी नंतर शोधलं, याबद्दल एक ओळ नव्हती. 'युजर एरर' हा शब्द आमच्या धंद्यात फार सैल वापरला जातो, त्या दिवसापासून मी तो जपून वापरतो.

आणखी एक गंमत. अण्णा दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर पाण्याची नोंद करत होते. कोमट, कोमट, बरं, कोमट. मध्येच चार दिवस "कढत". हे चार दिवस आई माझ्या बहिणीकडे उदगीरला गेली होती. अण्णांनी त्याचा अर्थ लावला होता, घरात एक माणूस कमी म्हणून पाणी पुरलं. सगळं उत्तर भिंतीवर लटकत होतं! आम्ही दोघं मात्र काठी घेऊन सावली मोजत होतो.

आता दुरुस्ती. मी म्हटलं, दोन्ही लाइनींवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकू, म्हणजे पाणी उलटं जाणार नाही. गल्लीतल्या प्लंबरमामांना बोलावलं. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, टाकू की. पण इथलं बोअरचं पाणी बघितलं का? सहा महिन्यांत खार धरून त्यो व्हॉल्व्ह उघडाच अडकून बसल. आन् स्प्रिंगवाला टाकला तर वरच्या टाकीचं प्रेशर त्याला पुरायचं नाही, धार बारीक होईल. पुन्हा गुरुजींचा फोन मलाच."

हा माणूस शाळा सोडून नळकामाला लागलेला. ज्या माणसानं सोलर विकलं त्याच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्याला ही यंत्रणा जास्त कळत होती, कारण त्याला इथलं पाणी माहीत होतं.

आमच्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी जड. पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा बायकार्बोनेट तापला की त्याचा कार्बोनेट होतो आणि तो न विरघळता खाली बसतो. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, हा उलटा. म्हणजे जिथे पाणी जास्त तापेल तिथेच खार जास्त धरणार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत हवा, दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं धरलंय. अशा पाण्यावर तांब्याच्या बारीक पाइपांचं सपाट पॅनेल थेट जोडलं तर पाइप आतून बुजत जातात. काचेची नळी निदान बाहेर काढून धुता येते. विकणाऱ्यानं पहिला प्रश्न "पाणी कुठलं?" हा विचारायला हवा. आम्हाला विचारला गेला तो "किती माणसं?" एवढाच. आणि मी तरी काय वेगळं केलं? रेटिंग बघितलं, पुण्यातल्या मित्राला विचारलं, ऑर्डर दिली.

यात थोडा दोष वरचाही आहे. जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा सौर उष्णतेचं उद्दिष्ट ठरलं ते २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर संग्राहकांचं. चौरस मीटर मोजायला सोपे, ते स्लॅबवर दिसतात. न्हाणीत किती अंशांचं पाणी आलं, पाचव्या वर्षी किती आलं, हे मोजायचं तर कुणाच्या तरी घरी थर्मामीटर घेऊन जावं लागतं. उद्दिष्ट चौरस मीटरचं असलं की विकणाऱ्याचं काम बसवल्या दिवशी संपतं.

असो. रविवारी पहाटे आम्ही नळ्या काढल्या. पहाटे मुद्दाम. उन्हात रिकामी झालेली नळी आतून दोनशे अंशांच्या वर जाऊ शकते आणि त्यात गार पाणी गेलं की तडकते. हे काम दुपारी कुणी करायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. प्रत्येक नळीच्या बुडातून बोटभर पांढरा चुरा निघाला. लिंबूसत्वाच्या पाण्यानं नळ्या आतून धुतल्या, बाहेरची धूळ पुसली, रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावून परत बसवल्या. मामांनी मिक्सर काढला आणि त्याच्या जागी दोन साध्या, अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या लांब दांड्याच्या तोट्या लावल्या. आईनं त्या कोपरानं उघडून दाखवल्या. खाली बादली, आणि बादली ठेवायला गुडघ्याएवढा ओटा. वाकायचा प्रश्न मिटला. मी दोन वर्षांपूर्वी तिला नीट विचारलं असतं तर ती हेच म्हणाली असती बहुतेक.

अण्णा तेव्हा एक बोलले ते डोक्यातून जात नाही. आमच्या लहानपणी घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात तुराट्या पेटवायच्या, भोवती पाणी. गरम पाणी हवं असेल तर वरच्या नरसाळ्यात तांब्याभर गार ओतायचं, ते खाली जायचं आणि तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर पडायचं. "तुझ्या सोलरची टाकी म्हणजे आडवा बंबच की," अण्णा म्हणाले. "गार खालून घालायचं, गरम वरून घ्यायचं. फरक एवढाच, की बंबात कुणी विसण घालत नव्हतं. विसण बादलीत."

विसण! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. कढत पाण्यात अंगाला सोसेल इतपत गार पाणी मिसळायचं, ते विसण. आजी घंगाळात विसण घालायची आणि कोपर बुडवून बघायची. आम्ही तेच काम भिंतीच्या आत, डोळ्याआड नेलं. भिंतीतलं विसण किती पडतंय ते कोपराला कळत नाही.

(मी टाकीला सेन्सर लावून मोबाइलवर तापमान दाखवायची कल्पना मांडली होती. "आणि तो बिघडला की मग कुणाला फोन करायचा?" असं अण्णांनी विचारलं. विषय संपला.)

त्या संध्याकाळी न्हाणीतल्या तोटीला ५४ अंश आलं. सोमवारी पहाटे साडेपाचला, बाहेर कडाक्याची थंडी असताना, ४९. आईनं रॉड गुंडाळून माळ्यावर टाकला. इसार परत द्यायला दुकानदार तयार नव्हता, म्हणून अण्णांनी त्या पैशात दोन बादल्या, एक प्रेशर कुकर आणि उरलेल्याचा कुकरचा जास्तीचा वायसर, शिट्टी असलं काहीबाही आणलं.

दोन पांढऱ्या नळ्या अजून बदलायच्या आहेत. नांदेडला मिळतात. सहा फुटी काच एसटीतून भोकरपर्यंत कशी न्यायची हा प्रश्न आहे, मामा म्हणालेत की पोत्यात भुसा भरून मीच आणतो, तुम्ही आणाल तर दोन्ही फोडाल.